झिजलेला थ्रॉटल शाफ्ट आणि त्याची दुरुस्ती

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काशीला आजोळी गेलो होतो. आजोळचे घर ब्रह्मा घाटावर आहे. पंचगंगा घाटाच्या उत्तरेला दुर्गा घाट आणि त्याला लागून ब्रह्मा घाट. या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे गल्लीत एका ओट्यावर हिंदी आणि दुसऱ्यावर मराठी ऐकू येते. गल्ल्या मात्र इतक्या अरुंद आहेत की समोरून बैल आला तर आपण कुणाच्या तरी दारात शिरायचे. मोटार घरापर्यंत येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून आजोबांची जुनी प्रीमियर पद्मिनी मैदागिनच्या बाजूला एका शेडमध्ये उभी असते.

या गाडीचा कार्बोरेटर दुरुस्त करताना मी जे शिकलो ते येथे लिहीत आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती वगळली असती तर लेख छोटा झाला असता, पण उपयोगाचा राहिला नसता.

तक्रार काय होती

पद्मिनी ही मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली गाडी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती काढली. इंजिन चार सिलिंडरचे, 1089 सीसीचे. त्यावर सोलेक्स जातीचा कार्बोरेटर असतो, ज्यात हवा वरून खाली ओढली जाते.

आमची गाडी रस्त्यावर चांगली पळत होती. पण चौकात उभी राहिली की इंजिन थरथरायचे आणि बंद पडायचे. कधी रेस सोडल्यावर इंजिन हळू व्हायचे, कधी तसेच जोरात फिरत राहायचे. आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर तिला घरी आणताना गाडी मैदागिनच्या चौकात बंद पडली. मागे ट्रक, बाजूला ई-रिक्षा, आणि आजीच्या डोळ्यावर पट्टी. त्या दिवसापासून आजोबांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली ती लावलीच.

मी शाळेत इंजिनाचा धडा शिकलो होतो. मला वाटले, हे तर सोपे आहे. स्लो वाढवला की झाले. मी बटरफ्लायचा स्टॉप स्क्रू दोन फेरे आत फिरवला. इंजिन बंद पडायचे थांबले. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी मामा गाडी शेडमध्ये घालत होता. त्याने क्लच सोडताच गाडी नेहमीपेक्षा जोरात पुढे गेली. रेस सोडलेली असूनही इंजिन खाली येईना. समोर एक हातगाडीवाला उभा होता. तो उडी मारून बाजूला झाला आणि गाडी भिंतीला जाऊन टेकली. कुणाला लागले नाही, पण मामाने तिथेच सांगितले की आता ही गाडी भंगारात द्यायची.

स्क्रू मी फिरवला होता हे कुणालाच माहीत नव्हते. रात्री जेवणानंतर मी आजोबांना सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, तू आजार झाकलास, बरा नाही केलास. आता आधी आजार शोध." मामाकडून आम्ही आठ दिवस मागून घेतले.

आजोबा काशीच्या डिझेल इंजिन कारखान्यात टर्नर होते. 1961 साली सुरू झालेल्या आणि 1964 सालापासून रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या या कारखान्याला पूर्वी डीएलडब्ल्यू म्हणत, आता बीएलडब्ल्यू म्हणतात. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतोच. पण आजोबांचे म्हणणे असे की दांडी आणि भोक कुठेही सारखेच. दोघांत किती अंतर आहे हे मोजता आले पाहिजे.

शाफ्ट काय करतो

कार्बोरेटरच्या गळ्यात खालच्या बाजूला एक गोल चकती असते. तिला बटरफ्लाय म्हणतात. ती ज्या आडव्या दांडीवर बसवलेली असते तो थ्रॉटल शाफ्ट. आपण अॅक्सिलरेटर दाबला की शाफ्ट फिरतो, चकती उघडते आणि इंजिनाला जास्त हवा मिळते. शाफ्टची दोन्ही टोके बॉडीच्या भोकांतून बाहेर येतात. एका टोकाला लिव्हर आणि स्प्रिंग असते.

इंजिनाला साधारण 15 किलो हवेला 1 किलो पेट्रोल असे मिश्रण लागते. हे प्रमाण कार्बोरेटर सांभाळतो. जी हवा वरून, त्याच्या गळ्यातून येते तिचाच हिशेब त्याला ठेवता येतो. दुसऱ्या वाटेने आत शिरलेली हवा त्याच्या हिशेबात नसते.

स्लोवर चकती जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढत असतात आणि वाट बंद असते. म्हणून चकतीच्या खाली मोठा व्हॅक्यूम तयार होतो. चांगल्या इंजिनात तो 45 ते 50 सेंटिमीटर पाऱ्याइतका असतो. बाहेरच्या हवेचा दाब 76 सेंटिमीटर पाऱ्याचा, हे आपण भौतिकशास्त्रात शिकलो आहोत. म्हणजे आत बाहेरच्या दाबाचा साधारण तिसरा हिस्साच उरतो. अशा वेळी शाफ्टच्या भोवती फट असेल तर बाहेरची हवा तिथून आत घुसते. मेकॅनिक म्हणतात, "गाडी एअर घेते." मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन थरथरून बंद पडते.

चकती पूर्ण उघडली की हा व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून झिजलेल्या शाफ्टची गाडी रस्त्यावर नीट पळते आणि चौकात मरते. आमच्या तक्रारीचे अर्धे उत्तर यातच होते.

माझ्या स्क्रूने काय बिघडवले

स्लोवर चकतीची कड गळ्याच्या भिंतीत एका ठरलेल्या जागी असावी लागते. तिच्या किंचित वर बारीक छिद्रे असतात. चकती उघडू लागली की ही छिद्रे व्हॅक्यूमखाली येतात आणि जास्तीचे पेट्रोल देऊ लागतात. मी स्टॉप स्क्रू आत फिरवून चकती कायमची उघडी ठेवली. त्यामुळे ही छिद्रे स्लोवरच चालू झाली. चोरवाटेने येणाऱ्या हवेला त्यातून पेट्रोल मिळाले आणि इंजिन बंद पडायचे थांबले, पण वेग वाढला आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरक पडेनासा झाला.

त्यात भोक लंबगोल झालेले. शाफ्ट कधी एका बाजूला टेकायचा, कधी दुसऱ्या. म्हणून चकती दर वेळी वेगळ्या जागी बंद व्हायची. त्या दिवशी ती तिरकी अडकली असणार.

खात्री कशी करावी

आम्ही आधी स्टॉप स्क्रू परत मूळ जागी आणला. मग तीन गोष्टी केल्या.

पहिली, इंजिन बंद असताना लिव्हर धरून शाफ्ट वरखाली आणि पुढेमागे हलवून पाहिला. बोटाला स्पष्ट प्ले लागला. शाफ्ट थोडाही हलता कामा नये असे नाही. फिरायला किंचित मोकळीक लागतेच. पण "टक टक" असा आवाज येत असेल तर झीज झालेली आहे.

दुसरी, इंजिन गरम करून स्लोवर ठेवले आणि शाफ्टच्या टोकावर बोटाने हलकेच दाब दिला. दाबताच इंजिनाचा आवाज बदलला.

तिसरी, तेलाच्या डबीने शाफ्टच्या दोन्ही टोकांवर नव्वद नंबरचे गिअर ऑइल दोन-दोन थेंब सोडले. घट्ट तेलाने फट बुजते. इंजिन काही सेकंद शांत, एकसारखे चालले. तेल आत ओढले गेले आणि पुन्हा थरथर सुरू झाली. दोष शाफ्टपाशीच आहे हे यावरून ठरले. या कामासाठी काही जण पेट्रोल शिंपडतात. तसे कधीही करू नये. गरम सायलेन्सर जवळच असतो.

हेच तेल कार्बोरेटरखालच्या पॅकिंगच्या कडेलाही लावून पाहिले. तिथे फरक पडला नाही. ही पायरी सोडायची नाही, कारण पॅकिंग फाटले असले तरी लक्षणे अगदी अशीच दिसतात.

खोलताना

बॅटरीची वायर काढून कार्बोरेटर उतरवला आणि कापडी पिशवीत घालून ब्रह्मा घाटावर आणला. गाडी गल्लीत येत नाही, पण कार्बोरेटर येतो. पेट्रोल आम्ही शेडपाशीच बाटलीत काढून घेतले होते. तरी कपाच्या तळाशी थोडे राहिले होते आणि वास देवघरापर्यंत गेला. आजीने निरंजन विझवले आणि आम्हाला गच्चीवर पाठवले. ती बरोबर होती. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंतही पोचते. पुढचे सगळे काम गच्चीवरच झाले.

चकती काढण्यापूर्वी आजोबांनी मला तिच्या वरच्या तोंडावर खूण करायला लावली. वरची बाजू कोणती आणि लिव्हरकडची बाजू कोणती, दोन्ही. चकतीची कड तिरकी घासलेली असते, त्यामुळे ती एकाच पद्धतीने नीट बसते. उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही किंवा अडकते.

चकती दोन बारीक स्क्रूंनी शाफ्टला धरलेली असते. हे स्क्रू सुटू नयेत म्हणून कारखान्यात त्यांची मागची टोके ठोकून फुलवलेली असतात. तसेच जोर लावून फिरवले तर आटे जातात किंवा स्क्रू शाफ्टमध्येच तुटतो. आधी बारीक कानशीने फुललेले टोक घासून सपाट करायचे, मग फिरवायचे. मी घाईत पहिला स्क्रू फिरवायला गेलो तेव्हा आजोबांनी माझा हात धरला. "टोक बघितलंस का?" त्यांनी विचारले. मी बघितले नव्हते.

मोजमाप

शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला. मधल्या भागात, जिथे बॉडीचा स्पर्श होत नाही, तिथे 7.98 मिमी भरला. हे त्याचे मूळ माप. लिव्हरकडच्या झिजलेल्या जागी 7.90 आणि दुसऱ्या टोकाला 7.94.

भोक मोजणे अवघड असते. व्हर्नियरचे जबडे लहान भोकात नीट बसत नाहीत. आजोबांकडे जुने स्मॉल होल गेज होते. ते भोकात घालून फुगवायचे, बाहेर काढायचे आणि मायक्रोमीटरने मोजायचे. लिव्हरकडचे भोक एका दिशेने 8.20 आणि त्याच्या काटकोनात 8.05 भरले. दुसरे भोक 8.06 आणि 8.02. म्हणजे भोके गोल राहिली नव्हती. ज्या दिशेला लिव्हर आणि स्प्रिंग ओढतात आणि व्हॅक्यूम चकतीला खाली खेचतो, त्या दिशेला ती लांबली होती. बॉडी मऊ मिश्रधातूची आणि शाफ्ट पोलादी. त्यात फटीतून हवेबरोबर धूळ येते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून झीज सुरू झाली की ती वाढतच जाते.

आता गणित. लिव्हरकडच्या भोकाचे क्षेत्रफळ लंबगोलाच्या सूत्राने काढले आणि त्यातून शाफ्टचे क्षेत्रफळ वजा केले. फट 2.8 चौरस मिमी आली. दुसऱ्या बाजूची सुमारे 1.3. एकूण 4.1 चौरस मिमी. म्हणजे कार्बोरेटरच्या खाली कुणीतरी सव्वादोन मिमी व्यासाचे भोक पाडून ठेवल्यासारखे झाले.

हे भोक मोठे की लहान? गळ्याचा व्यास 32 मिमी, म्हणजे पूर्ण क्षेत्रफळ 804 चौरस मिमी. त्यापुढे 4.1 म्हणजे अर्धा टक्का. पण स्लोवर चकतीभोवती फक्त 0.1 मिमीची फट आहे असे समजू. गळ्याचा परीघ सुमारे 100 मिमी, म्हणून हवेची वाट 10 चौरस मिमी. तिच्यापुढे 4.1 म्हणजे चाळीस टक्के! शाफ्टभोवतीच्या लांब, अरुंद फटीतून हवा तितकी मोकळी जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम याहून कमी असतो. तरीही इंजिन का मरते हे या दोन आकड्यांतून मला जेवढे समजले तेवढे धड्यातून समजले नव्हते.

कोणती दुरुस्ती निवडायची

फक्त शाफ्ट झिजला असेल आणि भोके गोल असतील, तर नवा शाफ्ट घातला की काम होते. आमच्याकडे भोके लंबगोल होती. तिथे नवा शाफ्ट घातला असता तरी लिव्हरकडे 0.22 मिमीपर्यंत प्ले राहिला असता. भोक मोठे करून जाड शाफ्ट घालता येतो, पण मग पुढच्या वेळी पुन्हा बॉडीच झिजणार. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे भोक मोठे करून त्यात बुश बसवणे. पुढे झीज झालीच तर बुश बदलता येतो आणि बॉडी वाचते.

बुशसाठी मी म्हणालो की ठठेरी बाजारातून पितळ आणू. तिथे भांड्यांचा एवढा ठणठणाट चालतो, एक तुकडा कुणीही देईल. आजोबा हसले. भांड्याचे पितळ पत्र्याचे असते. बुश कातायला भरीव सळई लागते आणि घर्षण सोसणारा धातू लागतो. त्यांनी गनमेटल निवडले. यात साधारण 88 टक्के तांबे, 10 टक्के कथील आणि 2 टक्के जस्त असते. पूर्वी तोफा या धातूच्या ओतत, म्हणून त्याला हे नाव पडले. तोफेचा धातू कार्बोरेटरमध्ये बसतो याचे मला नवल वाटले.

बुश बसवणे

हे काम मैदागिनजवळच्या एका लेथवर केले. काशीत लेथला खराद म्हणतात. आजोबा उभे राहून सांगत होते, कारागीर करत होते आणि मी बघत होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही भोके एका सरळ रेषेत असली पाहिजेत. हातातल्या ड्रिलने हे काम होत नाही. ड्रिल जुन्या लंबगोल भोकाच्या मागे जाते आणि नवे भोकही वाकडे पडते. म्हणून बॉडीचा खालचा सपाट भाग आधार धरून ती लेथच्या क्रॉस स्लाइडवर पक्की बांधली. भोकांचा जो भाग झिजला नव्हता त्यावरून मूळ मध्य शोधला. या जुळवणीला दीड तास लागला आणि कापायला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. चकमध्ये एंड मिल धरून आणि नंतर 10 मिमीचा रीमर घालून, बॉडी न हलवता दोन्ही भोके एकाच बांधणीत मोठी केली.

कापण्याआधी भोकाजवळून पेट्रोलचा एखादा बारीक मार्ग जातो का आणि भिंत पुरेशी जाड आहे का, हे आजोबांनी पातळ तार घालून तपासले. मार्ग कापला गेला असता तर बॉडीच फुकट गेली असती.

बुश बाहेरून भोकापेक्षा फक्त 0.02 मिमी मोठा ठेवला. फार घट्ट ठोकला तर मऊ बॉडी तडकते. बाहेरून बुश बसवण्याचे रसायन लावून तो शिकंज्यात सावकाश दाबला. आतले टोक गळ्यात डोकावता कामा नये, नाहीतर चकती अडते. जास्तीचा भाग घासून गळ्याच्या गोलाईबरोबर केला.

दाबल्यावर बुश आतून थोडा आवळतो. म्हणून आतले भोक आधी लहान ठेवले होते. दोन्ही बुश बसल्यावर 8 मिमीचा लांब रीमर एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला. भोक 8.01 भरले. नवा शाफ्ट पोलादी सळईतून 7.98 मिमीचा कातला. मधली खाच आणि स्क्रूंची भोके जुन्या शाफ्टवरून घेतली. मोकळीक 0.03 मिमी. दोन्ही बाजू मिळून फट आता 0.75 चौरस मिमी, म्हणजे पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

जोडताना

बॉडी रॉकेलने धुऊन सगळे बारीक मार्ग हवेने साफ केले. धातूचा एक कीस जरी जेटमध्ये राहिला तरी मेहनत वाया जाते.

चकती खुणेप्रमाणे खाचेत घातली आणि नवे स्क्रू सैल लावले. स्टॉप स्क्रू पूर्ण बाहेर काढला आणि चकती बंद केली. ती स्वतःच गळ्याच्या मध्यावर बसली. बॉडी उजेडासमोर धरली. कडेने उजेडाची रेघ सगळीकडे सारखी दिसली तेव्हाच स्क्रू आवळले. पहिल्या वेळी एका बाजूला जाड रेघ दिसली, म्हणून सैल करून पुन्हा बसवली.

शेवटी स्क्रूंची टोके मागून फुलवली. त्या वेळी शाफ्टखाली आधार ठेवला, नाहीतर नवा शाफ्ट वाकला असता. जुने स्क्रू परत वापरायचे नाहीत. यातला एक जरी सुटला तर तो खाली सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि इंजिन फुटते. आजोबांनी मला लिव्हर वेगवेगळ्या जागांवरून पन्नास वेळा सोडायला लावली. प्रत्येक वेळी चकती "टप" अशी पूर्ण बंद झाली पाहिजे. एकदाही अडकली तर गाडीवर चढवायची नाही. हातगाडीवाल्याची आठवण असल्यामुळे मी पन्नासच्या पुढेही मोजले.

सेटिंग

मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड फेरा उघडला. ही फक्त सुरुवात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्टॉप स्क्रूने स्लो शक्य तितका कमी केला. मग मिक्श्चर स्क्रू फिरवत जिथे इंजिन सर्वांत एकसारखे चालते ती जागा शोधली आणि पुन्हा स्लो खाली आणला. आता अर्ध्या फेऱ्यानेही आवाज बदलत होता. पूर्वी तीन फेऱ्यांनी काही होत नव्हते. स्क्रूचा परिणाम होऊ लागला, हाच दुरुस्ती बरोबर झाल्याचा पुरावा.

सातव्या दिवशी आजोबांनी किल्ली खुंटीवरून काढली. आजीला डोळे तपासायला न्यायचे होते. मैदागिनच्या चौकात गाडी उभी राहिली. आजोबांनी पाय पूर्ण काढला. इंजिन खाली आले आणि हळू, सारखे चालत राहिले. मी मागे बसून मनात मोजत होतो. रस्ता मोकळा होईपर्यंत मोजणी ऐंशीवर गेली. आजीने विचारले, "बंद पडली का रे?" कारण तिला आवाजच येत नव्हता. मामाने पुन्हा भंगाराचा विषय काढला नाही.

थोडक्यात

आता नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो, इंधन इंजेक्शन असते. पण तिथेही थ्रॉटल बॉडी असते आणि तिच्यात तीच चकती, तोच शाफ्ट असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरमध्ये आणि पंपातही असतो. म्हणून हा अभ्यास फक्त जुन्या गाड्यांपुरता नाही.

मित्रांनो, लक्षात ठेवायचे ते एवढेच. स्क्रूला हात लावण्यापूर्वी शाफ्ट हलवून पाहा. तेलाच्या थेंबाने खात्री करा. शाफ्ट आणि भोक दोन्ही मोजा, वेगवेगळ्या दिशांनी मोजा. भोक लंबगोल असेल तर बुश घाला, आणि दोन्ही बुश एका रेषेत घाला. चकतीचे स्क्रू नवे लावा आणि टोके फुलवा.

आणि चुकीचा स्क्रू फिरवला असेल तर त्याच रात्री सांगा. मी सांगितले नसते तर दोष गाडीच्या माथी गेला असता, आणि गाडी भंगारात.